आधी पाळ

2009 च्या भादव्यात मी नागपूरहून तुमसरला आलो, तेव्हा परतीच्या तिकिटाचे पैसे सोडून खिशात 40 रुपये होते. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. कंपनीने दोन महिन्यांचा पगार थकवला होता, खोलीचं भाडं डोक्यावर होतं आणि खानावळवाल्या काकांनी डबा बंद करायची भाषा सुरू केली होती. तुमसर रोड स्टेशनला उतरलो, तिथून, म्हणजे देव्हाडीहून, ऑटोने गावात आलो आणि जेवण होईपर्यंत तोंड उघडलं नाही. मग आईला सांगितलं. तीन वर्षांचा पगार गेला कुठे, असं तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या बचत गटाची बैठक होती. तिथून ती आली ती 15,000 रुपये घेऊन. गटाच्या वहीत तिच्या नावावर काढलेलं कर्ज, शेकडा दोन रुपये महिन्याचं व्याज, दहा हप्ते.

आई कधी नोकरीला नव्हती. रोवणीच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या बांधीत जायची, एरवी घर आणि दोन म्हशी. गटात महिन्याला 50 रुपये टाकायची आणि आठ वर्षांत तिचा एकही महिना चुकला नव्हता. मी महिन्याला 9,000 कमवत होतो. तरी त्या दिवशी हात पसरणारा मी होतो आणि देणारी ती.

हे पुस्तक त्याच दिवशी सुरू झालं म्हणायला हरकत नाही, लिहायला बसायला मात्र पंधरा वर्षं लागली. प्रश्न तेव्हाचाच आहे. विशी-पंचविशीत पैसा बाजूला टाकायची इच्छा बहुतेकांना असते. पहिल्या पगाराला सुरुवातही होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती ओसरते, सहाव्या महिन्यात आपण त्याबद्दल बोलायचंही टाळतो. ही इच्छा टिकवायची कशी?

याची ठरलेली उत्तरं आपण ऐकलेली असतात. बाहेरचा चहा सोडा, म्हातारपणाचा विचार करा, चक्रवाढ व्याजाची जादू बघा. त्या जादूचा हिशेब एकदा करूनच टाकू. पोस्टाच्या आवर्ती ठेवीला 2025 मध्ये 6.7 टक्के व्याज आहे. महिन्याला 2,000 रुपये पाच वर्षं भरले की 1,20,000 भरून सुमारे 1,42,700 हाती येतात. हिशेब चोख आहे. पण पाच वर्षांनी मिळणारे 22,700 रुपये तेविशीतल्या कोणाला शनिवारी रात्री मित्रांबरोबर ढाब्यावर जाण्यापासून अडवतील, हे मला कधी दिसलेलं नाही. व्याज हे पोचल्यावर मिळणारं बक्षीस आहे, चालायला लावणारं कारण नाही. म्हातारपणाची भीती तर त्या वयात दुसऱ्याच कोणाची तरी वाटते.

मग चालायला लावतं काय? याचं उत्तर मला एका अनपेक्षित ठिकाणी सापडलं, मोटारसायकलच्या हप्त्यात.

तुमसरच्या कुठल्याही चौकात संध्याकाळी गाडीवर रेलून उभ्या असलेल्या एखाद्या मुलाला विचारा, महिन्याला किती मागे टाकतोस? "पैसा टिकूनच नाही राहिला जी," असं उत्तर येईल. मग विचारा, गाडीचा हप्ता किती? "चार हजार दोनशे." चुकला का कधी? "नाही जी, दहा तारखेला कटते." छत्तीस महिन्यांत हा मुलगा 1,51,200 रुपये न चुकता बाजूला काढणार आहे. तरी तो स्वतःला उधळ्या समजतो, आणि त्याच्या घरचेही. चिकाटी त्याच्यात भरपूर आहे. फक्त ती फायनान्सवाल्याच्या कामी येते, त्याच्या स्वतःच्या नाही.

हप्ता का चुकत नाही, हे नीट पाहिलं तर या पुस्तकातलं अर्धं म्हणणं त्यात सापडतं. एक, त्याची तारीख ठरलेली असते, आणि ती पगाराला लागून असते. दोन, पैसा हाताला लागायच्या आधीच निघून जातो, म्हणजे द्यायचा की नाही हा विचार दर महिन्याला करावा लागत नाही. तीन, चुकला तर कोणीतरी फोन करतं. चार, शेवट माहीत असतो. किती झाले आणि किती राहिले हे मुलाला तोंडपाठ असतं. आता आपल्या बचतीकडे बघा. तारीख नाही, महिनाअखेर उरलं तर टाकायचं, चुकलं तर विचारणारं कोणी नाही, आणि कधी संपायचं तेही ठाऊक नाही. कर्जाला आपण चार खांब देतो आणि बचतीला नुसती सदिच्छा. मग बचत कोसळली की स्वभावाला दोष देतो.

*

'थेंबे थेंबे तळे साचे' हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. तळ्यांच्या मुलखात राहणाऱ्याने तरी ही म्हण जरा थांबून वाचायला हवी. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी या पूर्व विदर्भात गावोगाव तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले, मालगुजारी गेल्यावर माजी मालगुजारी झाले, आणि आता सरकारी कागदांतही त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. थेंबांची वाण कधीच नव्हती. थेंब सगळ्या शेतांवर, सगळ्या उतारांवर सारखे पडतात आणि वैनगंगेला जाऊन मिळतात. तळं साचतं ते कोणीतरी उताराला आडवी पाळ घातली असेल तिथेच. म्हणीत थेंब आहेत, तळं आहे, पाळ तेवढी राहून गेली.

पाळीबद्दल जुन्या लोकांना ठाऊक असलेल्या दोन गोष्टी बचतीला जशाच्या तशा लागू पडतात. पहिली, पाळ पावसात घालत नाहीत. ती उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना घालायची. पगार खात्यात आला, फोन हातात आहे, मित्र बाहेर उभे आहेत, अशा वेळी बचतीचा निर्णय घेणं म्हणजे धो-धो पावसात पाळ रचणं. तो निर्णय पगार यायच्या आठ दिवस आधी, डोकं थंड असताना घ्यायचा, आणि असा घ्यायचा की पगाराच्या दिवशी पुन्हा घ्यावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट सांडव्याची. ज्या तलावाला सांडवा नाही, तो पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फोडतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं. बहिणीकडे जायचं तर रिकाम्या हाताने जाता येत नाही. या खर्चाला जी बचत 'फालतू' म्हणते, ती मंडईच्या आठवड्यात फुटते, आणि फुटली की माणूस 'आपल्याच्यानं होत नाही' म्हणून सोडून देतो. मंडईचे, लग्नाच्या आहेराचे, मित्राच्या वाढदिवसाचे पैसे आधीच वेगळे धरले असते, तर पाळ शाबूत राहिली असती. खर्चाला ठरलेली वाट दिली की तो पाळीवर चढून येत नाही.

*

आमच्या आधीच्या पिढीला हे व्याख्यान कोणी दिलं नाही, तरी त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे निवृत्तीला पैसा होता. का, ते तुमसरच्या आसपास चांगलं दिसतं. तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. 1896 मध्ये सुरू झालेली ही खाणींची कंपनी 1962 साली 'मॅंगनीज ओर इंडिया लिमिटेड' झाली, ती आजची मॉईल. तिथल्या कायम कामगाराच्या हातात पगार यायचा तो भविष्यनिर्वाह निधी कापूनच. 1952 च्या कायद्याने देशभर उभी राहिलेली ही व्यवस्था, आजच्या हिशेबाने मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के. कामगाराने ठरवो वा न ठरवो, कपात व्हायची. तो काही मोठा संयमी नव्हता. पाळ त्याला नोकरीबरोबरच मिळाली होती.

शेतकऱ्याच्या घरी वेगळी रीत होती. धानाचे कट्टे बाजार समितीत किंवा आधारभूत केंद्रावर जायचे, आणि चुकारे आले की वर्षाचा पैसा एकदम घरात यायचा. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये आहे. आलेली रक्कम लहान असो की मोठी, ती घरात पाऊल टाकायच्या आधीच तिची नावं ठरलेली असायची. हे सोसायटीचं, हे खता-बियाण्याचं, हे पोरीच्या लग्नाचं, हे फीचं. नावाचा पैसा सहज मोडवत नाही. बियाण्यासाठी ठेवलेलं धान घरात कोणी शिजवत नसे, तसंच.

आता या घरातली मुलं पाहा. कोणी नागपूर-पुण्याला कंत्राटी कामावर आहे, कोणी गाडीवरून पार्सल पोचवतो, कोणी 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय किंवा पदवीप्रमाणे महिन्याला 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये विद्यावेतन घेतो. पैसा पूर्ण येतो, दर महिन्याला येतो, बिननावाचा येतो. खाणीतल्या बापाची कपात नाही आणि शेतातल्या आजोबांची नावंही नाहीत. त्यात पुढच्या महिन्यात पुन्हा येईल हा भरवसा. तोच बचतीचा खरा वैरी. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि पैसा देताना नोट मोजायची जी शेवटची अडचण होती तीही गेली. आजची मुलं बिघडली असं म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं की त्यांच्या वाट्याला उतार सगळा आला आणि पाळ एकही आली नाही. ती त्यांना स्वतः घालायची आहे, म्हणून हे पुस्तक.

*

माणूस एकट्याच्या निश्चयावर बचत करत नाही, त्याला बाहेरून काहीतरी लागतं, हे जगभर दिसून आलं आहे. यातली काही उदाहरणं पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे ओळख करून देतो.

उडुपीला डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, 1928 मध्ये रोज दोन आणे गोळा करायची योजना काढली. एजंट दारात यायचा. 'पिग्मी' हे तिचं नाव आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारपेठेत रुळलं आहे. दुकानदाराला बँकेत जायला वेळ नव्हता हे खरं, पण योजना चालली ती आणखी एका कारणाने: रोज चार वाजता एक ओळखीचा माणूस समोर उभा राहतो आणि त्याला 'आज नाही' म्हणायची लाज वाटते.

त्याहून विलक्षण गोष्ट विजयवाड्याच्या झोपडपट्टीतली. स्टुअर्ट रदरफोर्ड या अभ्यासकाने ती नोंदवली आहे. तिथे एक बाई घरोघर जाऊन पैसे गोळा करायची. तिच्या कार्डावर 220 खाने. रोज पाच रुपये दिले की एक खाना भरायचा. 220 दिवसांत 1,100 रुपये जमले की ती 1,000 परत करायची आणि 100 आपली मजुरी ठेवायची. व्याज मिळणं दूरच, लोक बचत करायला पदरचे पैसे मोजत होते, आणि कार्ड भरलं की नवं कार्ड घेत होते. आपला पैसा आपल्यापासूनच सांभाळायला कोणीतरी लागतं, हे त्या लोकांना कोणत्याही अर्थशास्त्र्याच्या आधी कळलं होतं.

फिलिपिन्समधल्या एका बँकेने काही ग्राहकांना, ठरवलेली रक्कम किंवा तारीख येईपर्यंत काढताच येणार नाही, असं खातं देऊ केलं. जास्त व्याज नाही, फक्त कुलूप. ज्यांना ते देऊ केलं त्यांची सरासरी शिल्लक वर्षभरात बाकीच्यांच्या तुलनेत 81 टक्के-अंकांनी जास्त वाढली. 2006 मध्ये हा अभ्यास छापून आला. अमेरिकेत रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी कामगारांना आजच्या पगारातून काही मागितलंच नाही. पुढच्या वेळी पगार वाढेल तेव्हा त्यातला थोडा भाग बचतीत जाईल, एवढीच सही आज घेतली. चाळीस महिन्यांत या लोकांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हातात न आलेला पैसा सोडायला माणसाला दुःख होत नाही. थेलर यांना 2017 साली नोबेल मिळालं, पण आमच्या आजीचंही म्हणणं हेच होतं की दह्याला हात लावायच्या आधी विरजणाचं काढून ठेवावं.

आणि आईचा गट. नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात 1975 पासून असलेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने गटांचं हे काम गावागावांत नेलं. गटाची पंचसूत्री साधी: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, नीट लिहिलेली वही. दहा-पंधरा बायका गोल करून बसतात आणि प्रत्येकीचे 50 रुपये सगळ्यांसमोर मोजले जातात. केनियातल्या भिश्यांचा अभ्यास करणाऱ्या मेरी के गुगर्टी यांनी 2007 मधल्या आपल्या निबंधाच्या नावातच सांगून टाकलंय की एकट्याने बचत होत नाही.

तरुण पोरांचे असे गट का नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही. गणपती-शारदेच्या मंडळात हीच पोरं दारोदार वर्गणी मागतात, पावत्या फाडतात, आणि विसर्जनानंतर शेवटच्या रुपयापर्यंतचा हिशेब फळ्यावर लावतात. दहा दिवसांच्या देवासाठी जे जमतं, ते स्वतःच्या दहा महिन्यांसाठी जमू नये असं काही नाही. चार मित्रांनी दर महिन्याच्या पाच तारखेला आपापल्या खात्याचा फोटो एकमेकांना दाखवायचा, एवढीसुद्धा सुरुवात पुरते. पैसा ज्याचा त्याच्याच खात्यात राहील, साक्ष मात्र चौघांची.

*

काही खड्डे आधीच दाखवून ठेवतो, कारण बचतीचा उत्साह चोर वाटेने जास्त लवकर संपतो.

पहिला खड्डा लवकर मोठं व्हायचा. फोनवर शेअरचं खातं दहा मिनिटांत उघडतं, आणि 'ऑप्शन' नावाचा खेळ तिथूनच सुरू होतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासाप्रमाणे 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. या गुंतवणूकदारांत तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये संसदेने कायदाच करून बंदी आणली, एवढं त्यांचं लोण पसरलं होतं. अशा ठिकाणी पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे 'पैसा टाकून काही होत नाही' हा कडवटपणा मागे राहतो.

दुसरा खड्डा जास्त व्याजाच्या लोभाचा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे; फेब्रुवारी 2020 आधी ते एक लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. 'बँक' आणि 'पतसंस्था' या दोन पाट्यांमधला हा फरक ज्यांना वेळेवर कळला नाही, अशांची पासबुकं मी ट्रंकांच्या तळाशी पाहिली आहेत. ओळखीच्या माणसाची लाज वाटणं हे पिग्मीचं बळ, तसाच ओळखीच्या माणसावरचा विश्वास हा तिचा धोका. साक्षीदार ओळखीचा असावा, तिजोरी मात्र विम्याची.

तिसरा खड्डा महाग कर्जाचा. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्के लागले, तर वर्षाला ते 42 होतात. असं कर्ज डोक्यावर ठेवून 6.7 टक्क्यांची ठेव करणं म्हणजे फुटक्या पाळीच्या तलावात घागरीने पाणी ओतणं. आधी ते फेडा. फेडणं हीच तेव्हाची बचत.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण बचतीवरची बहुतेक पुस्तकं ती गिळतात. ज्याच्या 7,000 रुपयांवर चार माणसं जेवतात, त्याला बचतीचा उपदेश करणं हा त्याचा अपमान आहे. आमच्या सिहोरा भागात चांदपूरचा जलाशय आहे. स्वतःच्या पाणलोटाचं पाणी त्याला पुरत नाही, म्हणून बावनथडी नदीचं पाणी उपसून त्यात सोडायला सोंड्याटोल्याची उपसा सिंचन योजना करावी लागली. पाळ कितीही भक्कम असली तरी पाणीच कमी येत असेल, तर आधी पाण्याची सोय बघावी लागते. या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण म्हणून कमाई वाढवण्यावर आहे. मात्र अशा घरातल्या मुलानेही महिन्याला 100 रुपयांची पोस्टाची आवर्ती ठेव उघडावी, असं मी म्हणेन. त्या शंभराने तो श्रीमंत होणार नाही. पण पाळीची जागा ठरून राहील, आणि कमाई वाढेल त्या दिवशी नव्याने सवय लावायची गरज पडणार नाही.

*

पुस्तकाची मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात जागा: पैसा कुठे ठेवायचा, कोणत्या खात्याला कोणतं कुलूप आहे. पीपीएफ पंधरा वर्षांचं का आणि ते लांबट कुलूप काहींना का मानवतं, हे तिथे येईल. दुसऱ्या भागात तारीख: पगारानंतर दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला कशी द्यायची. ज्या फोनने पाळ फोडली त्याच फोनवर ती कशी बांधता येते, ते. तिसऱ्या भागात नाव: खात्याला 'बचत' न म्हणता 'ताईचं बाळंतपण', 'एमपीएससीचं वर्ष', 'बाबांचे डोळे' असं म्हटलं की काय फरक पडतो. चौथ्या भागात साक्षीदार. शेवटच्या पानावर 60 रिकामे खाने आहेत, पाच वर्षांच्या साठ महिन्यांचे. विजयवाड्याच्या त्या कार्डावरून ते उचलले आहेत.

बचत करून काय मिळतं, असं तरुण मुलं मला विचारतात. मी त्यांना घर, गाडी, म्हातारपण असलं काही सांगत नाही. मला जे मिळालं ते सांगतो. 2015 मध्ये माझी पहिली आवर्ती ठेव पिकली, 1,09,000 च्या वर. त्याच वर्षी मी दुसरी नोकरी हातात नसताना एक नोकरी सोडली, कारण तिथे जे करायला सांगत होते ते मला करायचं नव्हतं. 'नाही' हा शब्द त्या दिवशी मला परवडला. सहा वर्षांपूर्वी, 40 रुपये खिशात असताना, तो माझ्याकडे नव्हता.

ती ठेव सुरू कशी झाली, एवढं सांगून थांबतो. आईच्या गटाचं कर्ज मी दहा महिन्यांत फेडलं. दर महिन्याच्या दहा तारखेला सकाळी तिचा फोन यायचा. बोलणं एकाच शब्दाचं, "हप्ता?" मी म्हणायचो, पाठवला. शेवटचा हप्ता 2010 च्या जुलैत गेला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. ऑगस्टच्या दहा तारखेला पुन्हा फोन वाजला.

"हप्ता?"

"आई, कर्ज तर फिटलं."

"मले माहीत आहे. वहीवर सही मीच केली. पण दहा महिने दीड हजार काढत होतास ना? आता ते कोणाले देशीन?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेलो.

तुमसर, पोळ्याचा दिवस